माया सोडून

परभणीत चौतीस वर्षं बायकांची मापं घेतली.
छाती, कंबर, मुंढा, शोल्डर.
वहीत आकडा, आकड्यापुढे नाव,
एकीचा आकडा दुसरीला कधी सांगितला नाही.
जयमालाचं पान त्या वहीत नाही.
तिचं मी अंदाजानेच शिवत आलो,
दोन्ही कुशींत दोन-दोन बोटं माया जास्तीची सोडून.

तिने भिशी उचलली, लातूरला जाऊन
तारीख घेऊन आली, मग मला सांगितलं.
"तुमच्यासाठी नाही, गैरसमज नको.
मलाच उठता-बसता नको झालंय हे."
मी सुईत दोरा ओवत होतो.
बराच वेळ ओवत होतो.

गल्लीत सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन.

पहिल्या रात्री चादर गुलाबी भिजली.
मी दिवा लावून दवाखान्याचा कागद शोधला:
टाक्यांतून पाणी झिरपेल, दोन दिवस, घाबरू नये.
घाबरू नये, हे मी तीनदा वाचलं.
दुकानातलं रेग्झीन अंथरलं तिच्याखाली,
वर जुनं सुती धोतर, चार घड्या करून.

आणि तो कपडा.
छातीखालून गुडघ्यापर्यंत, कातडीच्या रंगाचा,
सव्वीस हुक, दोन्ही बाजूंना चेन.
सहा आठवडे, रात्रंदिवस. धुण्यापुरता तासभर सुट्टी.
एप्रिल महिना, त्रेचाळीसचं ऊन,
नळाला पाणी नवव्या दिवशी.
एक बादली तिच्या कपड्यासाठी राखून ठेवायचो,
कूलरला सुद्धा देत नव्हतो त्यातलं.

पहिल्यांदा हुक सोडले, तर तिला घेरीच आली.
मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं, पाठीला गुडघा लावून.
"पडदा ओढा," एवढंच म्हणाली.
मी पडदा ओढला. मग पाहिलं.
रंग मी रिळांवरून ओळखतो:
वांगी. कडेकडेने शेवाळी.
पुढच्या आठवड्यात हळदी.
कुठल्याच गिऱ्हाइकाला चालला नसता
असा मेळ.

"इथं हात लावला ना," ती म्हणाली,
"तर दुसरीच्याच पोटाला लावल्यागत वाटतंय."

समोरच्या प्रयागबाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या.
मीठ बंद आहे म्हटलं, तर खुर्ची ओढून बसल्या,
खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या:
"काहून गं, हर्निया काय दोन्ही मांड्यांला होतो का?"
जयमाला हसली आणि लगेच टाके धरून
"अगं माय" म्हणत वाकली.
हसू नये, असं कागदावर लिहिलेलं नव्हतं.

दिवेलागणीला गच्चीवर दहा फेऱ्या.
ती पुढे, कमरेत वाकलेली,
मी मागे, पाण्याचा तांब्या घेऊन.
सहावीला ती थांबायची. मीही.

पंधराव्या दिवशी चोरून काट्यावर उभी राहिली.
काटा जिथल्या तिथे.
त्या रात्री जेवली नाही.
डॉक्टर फोनवर म्हणाले, सूज आहे, महिने लागतात.
महिने हा शब्द मी तिला
"थोडे दिवस" करून सांगितला.
तिला तो फोनवर ऐकू आला होता.

चौथ्या आठवड्यात कपडा सैल पडला.
आधी लातूरला विचारलं, मग टेप काढला.
"गार लागतोय," म्हणाली, म्हणजे लागत होतं आता तिथे.
मुंग्या येतात, म्हणाली, रात्रीच्या.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
आकडा माझ्या हातात आला
आणि मला तो मोठ्याने म्हणवेना.
"बोला की. बाकीच्या बायकांला सांगता तसं."
सांगितला.
"वहीत लिहा."

इलॅस्टिकवर मशिनची सुई घसरते.
हातानेच घातले टाके, शिवण बाहेरून घेऊन,
आतून टोचायला नको.
दोन्ही कुशींत अर्धा-अर्धा इंच.
जास्तीचं कापड कापलं नाही, मुडपून ठेवलं.
संध्याकाळी सूज येते अजून.

ती विचारत होती,
हे धुतल्यावर आटत तर नाही ना.