उघडा व्यवहार

तीन चाळीसला फोन.
सर, पट्ट्या निघत नाहीत.
मार्केट यार्डात गाड्या गेटाबाहेरपर्यंत उभ्या आहेत
आणि पडद्यावर नुसतं ते गोल फिरतंय.

मी बिबवेवाडीत, पांघरुणात, मांडीवर लॅपटॉप.
आधी नाडी पाहिली. प्रोसेसर चार टक्के.
डिस्क थंड, मेमरी निम्मी रिकामी.
सर्व्हर आजारी नव्हता.
तो थांबला होता,
आणि थांबलेल्याला ताप नसतो.

मग लॉग उघडला.
लॉग आवाज चढवत नाही,
मिलिसेकंदापर्यंत वेळ लिहितो आणि गप्प बसतो.
८८१२ वाट पाहतोय ८७९०ची.
८७९० वाट पाहतोय ८७५५ची.
पंगतीत भात नेमका कुणापाशी अडलाय
ते बघत जावं, तसा मी वर वर चढत गेलो,
दोनशे तेरा जणांची रांग.
अगदी टोकाला ८६४१.
काही करत नाही, काही मागत नाही,
एक व्यवहार उघडून बसलाय
एक्कावन्न मिनिटं.

आण्णा तोलार होते,
भवानी पेठेत, बाजार इकडे यायच्या आधी.
गुळाचा सौदा रुमालाखाली व्हायचा.
दोघांचे हात आत, बोटांनी बोटं दाबायची,
बाहेरच्याला फक्त कापड हलताना दिसे.
ठरत नाही तोवर जुनाच भाव खरा.
हेच मला पुढे कॉलेजात
आयसोलेशन या नावाने शिकवलं, आठ मार्कांना.
आण्णा म्हणत, रुमालातला हात ओढायचा नाही.
कुणाचाही.

माझ्यापाशी हात ओढायची आज्ञा आहे.
एक ओळ, कंसात नंबर, शेवटी अर्धविराम.
टाइप केली.
एंटर दाबलं नाही.
स्वेटर चढवला, स्कूटरला चार किका मारल्या.
दोनशे तेरा जण आणखी अकरा मिनिटं थांबले,
हे मी अहवालात लिहिलेलं नाही.

गाळा तीनशे बारा.
खुर्ची रिकामी, पाठीवर शाल,
वजनाच्या रकान्यात कर्सर
मिटतो, उघडतो, मिटतो.
ऑपरेटर कुठंय?
हमालाने मानेने मागे दाखवलं.

मागे हीना बागवान,
वीस-एकवीस वर्षांची, मफलर कानावर,
अडगळीतली जुनी तागडी हुकाला टांगून
मटाराचं पोतं त्यावर घ्यायला लावत होती.
रिकामा काटा वजा दोन-चारशे दाखवतो, सर.
शेठ म्हणाले, चालवून घे.
पोत्यामागे दोन किलो चारशे,
कुणाचे खाऊ?

मला उत्तर नव्हतं.
मी वीस किलोचं माप उचलून पारड्यात ठेवलं.
लोखंड इतकं गार होतं की तळवा चिकटला.
मग दुसरं वीस. मग एक. मग सहाशे ग्रॅम.
दांडी जराशी हलली,
आण्णा बघायचे तशी मी तिच्याकडे डोळे बारीक करून बघितली,
आणि ती आडवी राहिली.

हीना आत गेली. ४१.६००. जतन.
एक क्षण काहीच नाही.
मग सगळ्या गाळ्यांतले प्रिंटर
एकदम बोलायला लागले.

सकाळी अहवाल.
मूळ कारण या चौकटीत चारच पर्याय येतात,
हार्डवेअर, नेटवर्क, सॉफ्टवेअर, वापरकर्ता.
मी चौथा निवडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.
उपाय लिहिला:
उघडा व्यवहार पाच मिनिटांनी आपोआप तुटेल.

पाठवण्याआधी हीनाला फोन केला.
पाच मिनिटांत पोतं परत तोलून होतं का?
ती म्हणाली, उतरवायलाच सात लागतात.

पाचाचे मी बारा केले.
का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.