शुक्रवारी तो उठणार नाही

शुक्रवारी सिनेमा लागतोय
टायरच्या दुकानामागच्या थिएटरात,
पाच पडद्यांपैकी तिसऱ्या.
तिथला एसी कायम बिघडलेला,
पण आवाज दणदणीत.

तवियॉनने ट्रेलर इतक्यांदा पाहिलाय
की जेवताना टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतो:
घोड्याच्या टापा, मग शांतता, मग पाच गोळ्या.
"सहावी राहिलीये, मामा.
ती सिनेमातच वाजणार."
पंधरा वर्षांचा आहे. थांबणं म्हणजे छळ त्याला.

मीही थांबलोय. माझं थांबणं वेगळं.

मी आहे त्या सिनेमात.
गेल्या जूनमध्ये शाळेच्या बसला सुट्टी होती,
चार दिवस गेलो, रोजचे एकशेदहा डॉलर आणि जेवण.
जूनमध्ये बोंडं फुटत नाहीत,
म्हणून गुडघाभर झाडांना त्यांनी
गोंदाने कापूस चिकटवला होता.
लांबून खरा वाटायचा.
आईची आजी याच शेतात वेचायची,
मिसिसिपीच्या बांधाखाली.
तिच्या वेळी गोंद लागत नसे.

एका गोऱ्या पोरीने माझ्या पाठीवर वळ रंगवले,
जीभ दातांत धरून, फार नेटाने.
"दुखत नाही ना?"
नाही म्हणालो. गुदगुल्या होत होत्या ब्रशच्या.
रात्री तेल लावून घासले तरी निघेनात.
आईने पाहिलं.
काही बोलली नाही. ताट माझ्यापुढे सरकवलं
आणि मोरीत नळ सोडून
उभी राहिली बराच वेळ.

चौथ्या दिवशी मालकाला मारायचं होतं.
पांढऱ्या खांबांचा तो वाडा आता लग्नांना भाड्याने देतात,
सोमवार ते शुक्रवार माझी बस त्याच्यावरूनच जाते.
नायक पायऱ्या चढतो, टोपी काढत नाही,
गोळी घालतो.
मालक पडतो. आम्ही ओळीने बघत उभे.
रक्त मक्याच्या पाकाचं. पायरीला मुंग्या लागल्या.

कट.
मालक उठला, तोंड पुसलं, कॉफी मागितली,
विचारलं, जरा उशिरा पडलो का मी?
नवा सदरा.
पुन्हा पडला. पुन्हा उठला.

माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू.
जेवताना माझ्याशेजारी बसून
मुलीच्या दातांच्या तारेचा खर्च सांगत होता.
पण पाचव्या की सहाव्या खेपेला
ओळीत कुणी श्वासच घेईना.
झेनोबिया म्हातारी, माझ्या डाव्या हाताला,
ओठांतल्या ओठांत म्हणाली,
"मेल्या, आता तरी उठू नकोस."

अकरा वेळा मेला.
अकरा वेळा उठला.
शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही.
मीही वाजवल्या असतील.

त्या अकरांतलं कुठलं मरण ठेवलंय कोण जाणे.
मी पाठमोरा दिसेन, फार तर दोन सेकंद,
ते गेलं तरी चालेल.
मला ते एकच बघायचंय:
तो पडतो,
आणि कुणी कट म्हणत नाही.

आई येणार नव्हती.
"असलं बघायला पैसे कसले द्यायचे," महिनाभर हेच.
काल संध्याकाळी बघतो तर
चर्चचा निळा झगा इस्त्री करून दारामागे टांगलेला.
मी विचारलं नाही. तिनेच विचारलं,
सोललेली भेंडी चिरावी तसं एकेक शब्द तोडत:
"अल्सीड, संपलं की लगेच दिवे लावतात?"
नाही, आधी नावं येतात.
"आपलं?"
ओळीत उभ्या असणाऱ्यांची नावं नाही देत, आई.

तिने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.
"मग नावं संपेपर्यंत बसू या.
उठतो का ते बघू."