माग थांबतो ती जागा

एक मिनिट अडतीस सेकंद.
तेवढ्यात आम्ही तिघांना मारलं होतं,
दोनदा वीज पाडली होती,
आणि भरमानं मोबाईलवर धरलेलं कंग्राळीचं कुत्रं
सात वेळा रडवलं होतं.

पहिला खेळ कॉलेजच्या कँटीनमध्ये,
कांदाभजीच्या वासात, लॅपटॉप कलता करून.
सुवर्णा केस सोडून पडदाभर झाली
आणि मागच्या बाकावरून उदय बोलला,
"ह्ये भूत शाम्पू कुठला लावूलंय गं?"
उरलेला ट्रेलर हसण्यातच वाहून गेला.

मी वहीत लिहिलं : केस बांधणे.

मग बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या जमवल्या.
रक्त कोकमाचं वाटतंय.
(कोकमच होतं. खानापूरच्या मावशीनं दिलेलं.)
लई फास्ट.
लई स्लो.
छान आहे ताई, असं एक निनावी.
अक्षर माझ्या भावाचं.
आणि एका चिठ्ठीवर एवढंच :
भूत मराठी का कन्नड?

त्या चिठ्ठीवर तासभर भांडलो.
दुकानांच्या पाट्यांवरनं चालतं ते
मेलेल्या बाईपर्यंत आणलं आम्ही.
शेवटी तिचं एकुलतं एक वाक्य काढून टाकलं,
"मी परत आले आहे."
आली होती, ते दिसतच होतं.
यात शहाणपण काही नव्हतं, कंटाळा होता.
पण तीन सेकंद हाताला लागले.

गोष्ट अशी होती :
वडगावातली बंद शेड, मध्यरात्र,
आणि आपोआप चालायला लागलेला माग.
खटक् खट, खटक् खट.
आम्हाला वाटलं, भय ते हेच.

शेडची किल्ली परत द्यायला गेले
तेव्हा शांतव्वा उंबऱ्यावर कांड्या भरत होती.
तिला मराठी वाचता येत नाही.
चष्म्याच्या दांडीला सूत गुंडाळलेलं.
मोबाईल पुढं धरला तर म्हणाली, दाव.

वीज पडली, तिचा हात फिरत राहिला.
सुवर्णा आली. हात फिरत राहिला.
कोकम सांडलं.
माग आपोआप चालू झाला तेव्हा तर
ओळखीचं कुणी दारात आल्यासारखी
थोडी हसली.

मग ती जागा.
संगीत बसेना म्हणून तिथं आम्ही
माग नुसता कापला होता, बारा फ्रेम,
अर्धा सेकंदसुद्धा नाही.
तिचा हात थांबला.

"मग्ग याक निंतु?"

मग्ग म्हणजे माग. शब्द तोच,
नुसता जरा आतून आवळलेला.
का थांबला, विचारत होती,
पडद्याला नाही, मला.
संगीत बसेना म्हणून,
हे त्या उंबऱ्यावर तोंडातून निघेना.
गल्लीत तेव्हा एकच माग चालू होता,
लांब, पाण्याच्या टाकीकडे कुठंतरी.
आम्ही दोघींनी तो ऐकला.
ती आणखी काही बोलली नाही.

रात्री भरमाला म्हटलं, कुत्रं काढ.
काढलं.
वीज काढ. दुसरीपण.
"मग उरलं काय?" तो वैतागला, "सुताचा धंदा?"
बारा फ्रेमचे सहा सेकंद केले.
मागावर ताणलेले धागे, आवाज नाही,
कडेचा एकच धागा हलतोय,
आत्ता कुणीतरी हात काढल्यासारखा.

दुसरा खेळ त्याच कँटीनमध्ये.
सहा सेकंदांत एकाचा चमचा बशीतच राहिला.
उदयनं मान वर करून पंख्याकडं पाहिलं,
"लाईट गेली काय?"
पंखा फिरत होता.
हे मी वहीत लिहिलं, जसंच्या तसं.
डब्यात तरीही एक चिठ्ठी होती : लई स्लो.
ती जपून ठेवलीय.

शांतव्वाला हा नवा ट्रेलर
अजून दाखवलेला नाही.
त्या दिवशी किल्ली द्यायची राहिली.
माझ्याकडंच आहे ती,
दप्तराच्या आतल्या कप्प्यात.