पापाचं एक तिकीट

भंडाऱ्याहून बदली झाली तेव्हा
सगळे म्हणाले, भाषा तर आपलीच ना.

पहिल्या सकाळी कळंब्याला केएमटीत चढले,
नोट पुढं केली, म्हटलं,
पापाचं एक तिकीट द्या.
तानुगडे कंडक्टरचं बोट मशीनवरच थांबलं.
"बसा की. पापाचं हितंच मिळतंय,
पुण्याचं पायजे तर एसटी स्टँडला जावा."
सगळी बस हसली,
मांडीवर मेथीची पाटी घेतलेली बाईसुद्धा.
तिकटी म्हणजे तीन रस्ते भेटतात ती जागा,
हे मग तिनंच मला
तीन बोटं जुळवून दाखवलं.

तीन आठवडे मी हे शहर नुसतं ऐकत फिरले.
मिरजकर, बिनखांबी, गंगावेस,
नाव आलं की दोघं उतरायचे, पाच चढायचे,
आणि काचेतून दिसायचे कुणाचे तरी खांदे.
लॅबमधून सुटून उभी राहिले की
स्टॉपवरचे म्हातारे म्हणायचे, "येईल की."
त्या 'की'मध्ये अख्खं वेळापत्रक.

घरमालकीण आक्काताई चौगुले
पदर खोचत म्हणायच्या, "मी देवळात जाऊन आलो,
तू जेवलाईस का न्हाई?"
मी आधी मागं वळून बघायचे,
कोण पुरुष आलाय घरात.

सायकल घेतली ती हिदायत मुजावरकडून,
आठशे रुपये, दांडीची, ब्रेक मागचाच.
"हुबं ऱ्हायला एक बास हुतोय," म्हणाला.
रस्ता विचारला तर म्हणाला,
"खाली जावा, मग वर या, मग परत खाली."
मी धानाच्या बांध्यांतली.
आमच्याकडं पाणी सोडलं तर
विचार करत उभं राहतं.
वर आणि खाली मला फक्त जिन्यात ठाऊक.

ते पोटऱ्यांनी शिकवलं.
नदीकडं पाय न मारता जाता येतं,
दुधाळीत वळताना साखळी कुरकुरते,
जेलच्या भिंतीपाशी दम लागतो
आणि कैद्यांच्या भाजीच्या वाफ्यांचा
ओला वास येतो.
बसमध्ये याला नुसतं 'पुढचा स्टॉप' म्हणत.

परवा गंगावेशीत दूधकट्ट्यावर
म्हशीच्या शेपटीपासून हँडल वाचवत उभी होते,
हातात ग्लास, ओठांवर फेस.
बस हळू झाली, दारातून तानुगडे ओरडला,
"काय मॅडम, पाप सोडलं व्हय?"
"सोडलं की!" मी म्हटलं, "घरला निघालो!"

निघालो.
हे मला संभाजीनगरच्या चढावर ऐकू आलं,
स्वतःच्याच आवाजात, उशिरानं.
सीटवरून उठून पायडलवर उभी राहिले
तेवढ्यात खिशात फोन.
आई. "काय करून राहिली?"

"चढून राहिली," म्हटलं,
"ठेव, दम लागते."