पलीकडची बाजू

कथा नऊ पानांची.
मिस हॉलरॉइड यांनी ती विदर्नसीत लिहिली, एका बोर्डिंग हाउसात,
जिथून समुद्र तेव्हा चारशे पावलांवर होता.
आता एकसष्ट. लोकेशन बघायला गेलो त्या दिवशी
मी मोजली, चहाचा कप हातात धरून.

आठ पानं काहीच होत नाही.
एक विधवा खोल्या भाड्यानं देते, चादरी बदलते,
मासे तळते, गिऱ्हाइकांनी विसरलेल्या छत्र्या सांभाळते.
नवव्या पानावर एकच वाक्य:
पहाटे तीनच्या सुमारास पलंगाची पलीकडची बाजू खचली.
बस्स. नाव नाही, वजन नाही, श्वासही नाही.

"सत्तेचाळीस मिनिटं," इमोजेन म्हणाली,
"आणि दुसऱ्या ब्रेकच्या आधी काहीतरी दिसायला हवं."

इंग्रजीला सोपं असतं. समवन म्हणायचं
आणि नामानिराळं व्हायचं.
कॅमेरा मात्र आपल्या मराठीसारखा, खोदून विचारणारा:
आला, की आली? उंची किती? पायात काय?
लीड्सला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
मी रात्र रात्र त्याला उत्तरं देत बसले.
पहिल्या खर्ड्यात तो बुडालेला नवरा होता, ओल्या बुटांचा.
दुसऱ्यात नवऱ्याची पहिली बायको.
तिसऱ्यात दोघंही,
आणि इमोजेननं समासात लिहिलं: गर्दी होतेय.

मग आठवलं, आपल्याकडे तिसरीही सोय आहे.
ते मूल. ते पिल्लू. ते भूत.
व्याकरणानं एकाच पांघरुणात निजवलीत तिघं.
चौथ्या खर्ड्याच्या कडेला मी लिहिलं, कुणीतरी आलं,
आणि त्या शेवटच्या टिंबाचं
इंग्रजी काही करता येईना.

नोव्हेंबरात शूटिंग.
नॉर्मननं गादीत हवेची पिशवी शिवली,
नळी पलंगाखालून, दाराखालून, थेट जिन्यापर्यंत.
तिथे तो बसायचा गुडघ्यांत पंप धरून,
सँडविच खात, इशाऱ्याची वाट बघत.
पिशवी फुसकन् वाजायची. सगळे हसायचे.
ब्रेंडा टॅटर्सल, वय एकाहत्तर, उशीवरून म्हणायची,
"माझा रॉन याहून जास्त आवाज करायचा."
पाच टेक, पाच किंकाळ्या.
इमोजेन त्या वांगी निवडावीत तशा निवडत होती.

सहाव्या टेकला पिशवी वाजली नाही.
पलीकडची बाजू हळूच खाली गेली,
दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून कुणी जपून टेकावं, तशी.
ब्रेंडा किंचाळली नाही.
डोळे न उघडता ती थोडी सरकली
आणि रजईचं टोक उचलून धरलं.

कट म्हणायला कुणी तोंड उघडेना.
छपरावर सीगल चालत होते, ध्वनीवाल्यानं तेही येऊ दिले.
शेवटी ब्रेंडाच उठून बसली.
"सॉरी. सवय."

मॉनिटरपाशी इमोजेननं नाक पुसलं.
"सुंदर आहे," म्हणाली, "पण याला घाबरणार कोण?"
मी गप्प.
मानेपासून पोटरीपर्यंत आलेला काटा
स्वेटरच्या आत ठेवून.

डिसेंबरात लागलं, रात्री साडेनऊला, तिसऱ्या टेकच्या किंकाळीसकट.
लोकांना आवडलं. मिस हॉलरॉइडच्या भाचीनं कळवलं,
आत्याला आरडाओरडा खपत नसे, बाकी छान.

फेब्रुवारीत लोकेशनवाल्याचा निरोप:
वादळात मागची बाग गेली, कुंपण गेलं,
आमची जेवणाची गाडी उभी राहायची ती जागाही.
त्याच्या इंग्रजीत बरेच शब्द होते.
मला एकच वाचता आला, खचली.

सहावा टेक एका ड्राइव्हवर आहे,
माझ्या खणात, मोजे आणि जुन्या पासपोर्टच्या मधे.
मी तो लावत नाही.
फक्त, हा डबल पलंग घेतल्यापासून
मी याच कडेला झोपते, अगदी भिंतीला लागून,
हे माझ्या
आत्ता कुठे लक्षात आलंय.