जांभळं टोपण

ट्यूबच्या आतल्या भिंतीवर ते फवारलेलं असतं,
दिसत नाही.
शाहूपुरीतल्या या लॅबमध्ये अकरा वर्षं
मी जांभळ्या टोपणाची ट्यूब आठ वेळा उलटीसुलटी करते.
कलंडायची, घुसळायची नाही.
रक्त गोठत नाही.

गोठायला रक्ताला कॅल्शियम लागतं
आणि ते याने धरलेलं असतं,
सहा ठिकाणी.
दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन,
मधोमध एक बापुडा धातू.
खेकड्याच्या नांगीवरून नाव पडलंय म्हणे या धरण्याला.
पण खेकड्याला नांग्या दोनच,
आणि पंचगंगेच्या काठी दगडाखाली हात घालणाऱ्या पोरांना
तेवढ्यासुद्धा पुरतात.

शिंत्रे सर पूर्ण नाव एका दमात घ्यायचे,
इथिलीन डायअमाइन टेट्रा ॲसेटिक ॲसिड,
आणि मग चष्मा पुसायचे.
एकदा त्यांनी घरचं पाणी आणायला सांगितलं.
मी कसबा बावड्यातलं आमच्या बोअरचं नेलं,
ज्यात डाळ शिजायची नाही
आणि आई साबणाला शिव्या द्यायची.
नाकात अमोनिया, ब्युरेटमधून थेंब थेंब,
लाल, लाल, अजून लाल,
आणि एका थेंबात निळं.
सर म्हणाले, आता या पाण्यात मोकळं कुणी उरलं नाही.
मी वाक्य वहीत उतरवलं,
रीडिंग घ्यायचं विसरले.

दस्तगीर मुजावर आले
ते उजवा हात डाव्याने उचलून.
उद्यमनगरात जुन्या बॅटऱ्या फोडायचे,
प्लेटी कढईत वितळवायचे, बावीस वर्षं.
मनगट खाली पडलेलं, वर येईना.
हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ.
"पाना धरवंना बाई. च्याचा कप बी सुटतोय."
मी शीर शोधली, जांभळं टोपण काढलं.
"ह्यात काय असतंय?"
म्हटलं, धरून ठेवणारं औषध.
"मग मलाच द्या की वाईच," म्हणाले,
आणि हसताना पोटाला हात लावला.

तेच दिलं त्यांना.
थोरल्या दवाखान्यात, सलाईनमधून, पाच दिवस.
पण ट्यूबमधलं नव्हे.
त्याच्या हातात आधीच कॅल्शियम देऊन पाठवतात.
रिकाम्या हाताने शिरलं असतं
तर रक्तातलंच कॅल्शियम कवटाळून बसलं असतं
आणि काळीज अडखळलं असतं.
दोन्ही बाटल्यांवरचं नाव जवळपास सारखं.
वाचणाऱ्याने पूर्ण वाचावं.

शिसं भेटलं की ते कॅल्शियम सोडतं.
कुणासाठी कुणाला सोडायचं, त्याला ठाऊक असतं.
(ठाऊक हा माझा शब्द. शिंत्रे सरांनी
लाल शाईने खोडून वर लिहिलं असतं: स्थिरांक.)

मग पाच लिटरचा कॅन,
चोवीस तासांची लघवी.
जैबुनबी तो खिडकीच्या उजेडाला धरून बघायच्या.
"शिसं कुठं दिसतंय ओ?"
नाही दिसत.
ते काय घेऊन चाललंय हे कुणाला दाखवत नाही.

तेही जातं. गटारातून जयंती नाल्यात,
तिथून नदीत.
लवकर कुजत नाही. गाळात जे धातू निजलेत
त्यांतला एखादा उठवून पुढे नेत असेल.
याचं रीडिंग मी घेतलेलं नाही.

चार महिन्यांनी दस्तगीर पुन्हा आले, तपासणीला.
कढई मेव्हण्याला विकली म्हणाले.
मेव्हण्याचा पत्ता मी विचारला, त्यांनी सांगितला नाही.
डाव्या हाताची शीर घेतली,
ट्यूब आठ वेळा कलंडली,
सुईच्या जागी कापूस दाबायला गेले तर म्हणाले,
"ऱ्हाऊ द्या."
उजव्या हाताची दोन बोटं, सावकाश,
कापसावर आली.
सुटला.
वाकून मांडीवरचा उचलला,
परत धरला.