दोन रेघा

सालिम अल अब्री बहलाहून निझवाला आला
ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एकच पातं घेऊन.
फडक्याला जुनी जरीची किनार होती.
मी विचारलं नाही.

म्हणाला, फलजच्या पाटाकाठी आपोआप उगवलंय.
ती तिथंच बसून खजूर खायची,
बिया मागं टाकायची, न बघता.
आता ती नाही. रोप गुडघ्याएवढं झालंय.
नर की मादी, एवढं सांग.
झाड सांगेल पाच-सहा वर्षांनी,
तेवढं थांबणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

रजिस्टरात नंबर घातला: एकशे सत्तेचाळीस.

पात्यावर मेण असतं, बोटाला कळत नाही,
पण त्याच्याच जिवावर इथल्या दुपारीही
झाडाचं पाणी झाडात राहतं.
मेणाच्या आत पेशी, पेशीभोवती पुन्हा स्निग्धच,
दोन पदरी पडदा:
एकेका रेणूचं डोकं पाण्याला लोभावलेलं,
दोन शेपट्या पाण्याला भ्यालेल्या.
शेपट्या शेपट्यांत लपतात, डोकी बाहेर राहतात,
आणि एवढ्याशा भित्रेपणावर
आत काय, बाहेर काय, ते ठरतं.

काही शेपट्या सरळ, काहींना मध्येच वाक.
सरळ त्या चिकटून थिजतात,
वाकड्या थिजू देत नाहीत.
आईनं तासगावहून दिलेलं तूप
इथं जुलैत एकदाही थिजलं नाही,
बरणी हलवली की पाण्यासारखं हेलकावतं.
खजूर उन्हात सरळ शेपट्या वाढवतो म्हणे,
पडदा सैल पडू नये म्हणून.
त्याला कुणी सांगितलं?

खलात पातं, वर द्रव नायट्रोजन.
वाफ ओट्यावरून माझ्या चपलांवर उतरते.
मग साबण. तुपकट पातेल्याला जो न्याय, तोच.
पडदा फाटतो, आतलं सगळं एकमेकांत सांडतं.
क्लोरोफॉर्म. दहा मिनिटं गरगर.
खाली हिरवा गाळीव थर, मेण-तेल त्यात बुडालेलं,
वर नितळ पाणी,
आणि पाण्यात झाडाची सगळी बखर, अदृश्य.

बिन्सी म्हणते, गार अल्कोहोल कडेनं सोड, घाई नको.
सोडलं.
धागे दिसू लागले,
जत्रेत काडीवर मिळतात तसे
म्हातारीचे केस.

साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट, एवढाच कणा.
मधल्या पायऱ्यांवर चारच अक्षरं,
ए समोर टी, दोन हातांनी धरलेला,
जी समोर सी, तीन हातांनी.
तापवलं की सुटावेत, निवलं की जुळावेत,
इतपतच घट्ट.
बाबा द्राक्षाची काडी बांधताना म्हणायचे,
वेल खोटं बोलत नाही, सवडीनं बोलते.
मी इथं त्या सवडीचाच पगार घेते.

रात्री जेल लावलं. मादीला एक रेघ, नराला दोन.
दोन आल्या.
पुन्हा लावलं. पुन्हा दोन.
बिन्सी हसली, गेल्याच महिन्यात तिच्या घरी
दोन रेघांवर पायसम झालं होतं.

गुरुवारी सालिम आला.
नर, मी म्हटलं. फळ धरणार नाही.
तो बराच वेळ खुर्चीच्या हातावरची धूळ पुसत राहिला.
मग म्हणाला, फळं तिनं पुष्कळ खाल्ली.
यंदा गावात पराग कमी पडला होता, बरंच झालं.
आणि उठता उठता,
यात थोडी तीही असेल ना?
नाही, मी म्हटलं. बी झाडाची असते.
खाणाऱ्याचं तिच्यात काही उतरत नाही.
त्यानं मान हलवली, फडक्याची घडी केली.
पण टाकली तिनंच, म्हणाला,
हे तुझ्या रेघांत दिसतं का?

एकशे सत्तेचाळीसपुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता.
नाव विचारलं. झुवैना.
माझं अरबी कच्चं, म्हणून त्यानं
एकेक अक्षर सुटं करून सांगितलं,
पाच.